सहा जणी, तीन दिवस आणि अडीच हजारांतला समुद्र

ताई, मी लातूर जिल्ह्यातली. पुण्यात वसतिगृहावर राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आम्ही सहा मैत्रिणी आहोत. जानेवारीत चार-पाच दिवस मोकळे आहेत आणि समुद्रावर जायचं ठरतंय. सहापैकी चौघींनी समुद्र अजून पाहिलेलाच नाही, मीही त्यातलीच. एकीने कोकणातल्या एका रिसॉर्टचं पॅकेज शोधलंय. दोन रात्री, जेवणखाण आणि तरणतलाव धरून माणशी ४,८०० रुपये, प्रवासखर्च वेगळा. चौघी लगेच तयार झाल्या. मलाही कसंबसं जमेल, शिष्यवृत्तीचे पैसे आलेत. पण आमच्यातली एक जण म्हणते, "मला पाणी आवडत नाही, तुम्ही जा." तिला पाणी आवडतं, हे मला माहीत आहे. ती संध्याकाळी एका दुकानात काम करून मेसचे पैसे भरते. तिचे पैसे आम्ही पाच जणींनी वाटून भरावेत का? की तिला सोडून जावं? आणि एवढ्या पैशांशिवाय समुद्रावरची सहल होतच नाही का?

—

अगं, तुझं पत्र वाचून आधी मला माझी एक सहल आठवली. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गातल्या आठ जणी निघालो होतो आणि माझे पैसे मैत्रिणींनी भरले होते. अगदी प्रेमाने भरले, आजही त्याबद्दल कुणाविषयी किल्मिष नाही. पण तीन दिवस मी फक्त हिशेब करत होते. जेवायला बसलो की बाकीच्या सुरमईचं ताट मागवायच्या आणि मी म्हणायचे, मला भूक नाही, नुसता सोलकढी-भात पुरे. भूक तर सडकून लागलेली असायची. दुसऱ्या रात्री एकीने तिच्या ताटातला मासळीचा तुकडा न बोलता माझ्या भातावर ठेवला. तो घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं आणि तिखटाचं निमित्त करून मी उठले. समुद्र कसा होता म्हणून कुणी विचारलं तर मला नीटसं सांगता येत नाही. त्या भातावरचा तुकडा मात्र लख्ख आठवतो.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तिचे पैसे वाटून भरू नका. आणि तिला सोडूनही जाऊ नका. जिचा खिसा सगळ्यात लहान, तिच्या खिशाच्या मापाने सहल आखा. तिच्यावर उपकार म्हणून हे सांगत नाही. सहा जणींनी मिळून जायचं असेल तर तेवढाच रस्ता सरळ आहे. आणि कोकणात तो निघतो, हे मी तुला आकड्यांनिशी दाखवते.

रिसॉर्टला माझा विरोध नाही. घरचं कुणी थकून चार दिवस विसाव्याला चाललं असेल तर तिथे जरूर जावं. पण तुमच्यातल्या चौघींनी समुद्र पाहिलेला नाही. पहिल्यांदा समुद्र बघायला जाऊन दुपारभर तरणतलावात बसायचं, याचे पैसे कशाला मोजायचे? पॅकेजचे बरेचसे पैसे तलाव, रोषणाई, संध्याकाळची गाणी आणि आवारातल्या हिरवळीवर जातात. किनारा, वाळू, सूर्यास्त यांचं तिकीट नसतं.

मी तुम्हाला दापोली तालुक्यातलं मुरुड सुचवेन. तू लातूरची, तुला मुरुड म्हटलं की लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड आठवेल. कोकणातही मुरुड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, जंजिरा किल्ल्याजवळचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, हर्णैजवळचं. खोली ठरवताना आणि एसटीचं तिकीट काढताना "दापोलीचं मुरुड" असंच म्हणायचं. एकीकडे खोली आणि दुसरीकडचं तिकीट, असा घोळ झाला तर अख्खा दिवस आणि भाड्याचे पैसे दोन्ही वाया जातात.

हे मुरुड म्हणजे दुतर्फा नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून अरुंद रस्ता, आणि वाडीतून मागच्या बाजूला चालत गेलं की थेट किनारा. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव. शाळकरी वयात परीक्षा द्यायला ते इथून घाट चढून साताऱ्याला चालत गेले होते आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे त्यांनीच पुण्यात मुलींच्या शिक्षणाचं केवढं काम उभं केलं. पुण्यात शिकणाऱ्या सहा मुलींनी त्यांच्या गावात एक संध्याकाळ घालवावी, असं मला मनापासून वाटतं.

या वाड्यांमध्ये बऱ्याच घरांनी पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या काढल्या आहेत. पाटीवर "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" असं लिहिलेलं असतं. तेच तुम्हाला हवं आहे. फोन करून सरळ सांगायचं, "आम्ही सहा विद्यार्थिनी आहोत, एकच मोठी खोली आणि जादा गाद्या चालतील." हे वाक्य बोलायला लाजू नका. आडवारी अशी खोली रात्रीला साधारण २,४०० रुपयांपर्यंत मिळायला हरकत नाही. म्हणजे दोन रात्रींचे माणशी ८००. अगदी किनाऱ्याला लागून असलेल्या खोलीचा दर जास्त असतो. दोन-चार मिनिटं चालायची तयारी ठेवली की तो बराच उतरतो.

आडवारी हा शब्द मात्र गाठीला बांध. मंगळवारी निघा, गुरुवारी परत या. शनिवार-रविवारी हीच खोली दीडपट-दुप्पट होते आणि घासाघीस करायला जागा राहत नाही. २६ जानेवारीच्या आजूबाजूचे दिवस तर टाळाच, कारण त्या सुट्टीला निम्मं पुणे कोकणात उतरतं. जानेवारीत नाहीच जमलं तर फेब्रुवारीतला आडवार बघा. शिमग्यात जाऊ नका. तेव्हा चाकरमानी गावी आलेले असतात, एसटीला उभं राहायला जागा नसते आणि घरोघरी पालखीची गडबड असते. त्या दिवसांत यजमानांनी तुमच्याकडे लक्ष द्यावं अशी अपेक्षा धरणं बरं नाही.

आता प्रवास. तुम्ही मुली आहात, त्यामुळे एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून राज्यात सगळ्या महिलांना ही ५० टक्के सवलत आहे. स्वारगेट ते दापोली साधारण १८० किलोमीटर, साध्या गाडीचं अर्धं तिकीट दोनशेच्या आत बसतं. सकाळी लवकरची गाडी धरा, सहा-सात तास लागतात असं समजून चाला. घाटाच्या वळणांवर कुणाला मळमळत असेल तर तिला पुढच्या बाकावर बसवा आणि पिशवीत आलेपाक ठेवा. दापोलीच्या स्टँडवर उतरलात की आधी एटीएममधून रोख काढून घ्या. किनाऱ्याच्या गावात रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत आणि मग जेवणावळीत सगळ्या एकमेकींची तोंडं बघत बसतात. दापोलीहून मुरुड दहा-बारा किलोमीटर. एसटी मिळते, नाहीतर सहा जणींत मिळून वाहन परवडतं.

एकूण हिशेब असा. एसटी जाऊन-येऊन ३५०, तिथलं फिरणं १५०, खोली ८००. चार जेवणं, दोन न्याहाऱ्या आणि चहा मिळून १,०००. अडीअडचणीला २००. झाले २,५००. यात आकडा थोडा पुढे-मागे होईल, दर गावागणिक आणि घरागणिक बदलतात. पण पॅकेजच्या जवळपास निम्म्यात सहल होते, प्रवासासकट. आणि ही काटकसरीची सहल म्हणून कमअस्सल नाही. मी तर म्हणेन हीच खरी.

जेवण यजमानांच्याच घरी सांगून ठेवा. सकाळी सांगितलं की दुपारी गरम मिळतं, तयार ताटं तिथे नसतात. शाकाहारी ताटाला मासळीच्या ताटाहून बरेच कमी पैसे पडतात. घावन, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी हे सगळं शाकाहारीच आहे आणि आपल्याकडे रोज मिळत नाही. उकडीचे मोदक खायचे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. ज्वारीची भाकरी मात्र तिथे मिळेलच असं नाही, दोन दिवस तांदळाच्या भाकरीवर भागव.

आणि इथेच एक नियम करा, तुझ्या मैत्रिणीसाठी तो फार महत्त्वाचा आहे. २,५०० रुपये प्रत्येकीने निघण्याआधी एकीकडे जमा करायचे. खोली, प्रवास, रोजचं साधं ताट, चहा, सगळं त्या एका पाकिटातून. वाटेत कुणी "आता शंभर-शंभर काढा" असं म्हणायचं नाही. ज्याला मासळी हवी, बोटीत बसायचं आहे, पॅरासेलिंग करायचं आहे, त्याने ते आपल्या पैशांनी करायचं. पण एका वेळी पाच जणींनी तिला वाळूवर पिशव्या सांभाळायला बसवून निघून जायचं नाही. दोघी गेल्या तर चौघी किनाऱ्यावर, असं आधीच ठरवा. पिशव्या सांभाळायचं काम सहलीत नेहमी त्याच एका मुलीकडे येतं. का येतं ते तुला आता कळलं असेल.

फुकटात बघण्यासारखं तिथे इतकं आहे की दोन दिवस पुरत नाहीत. वाटेवर आसूद लागतं. तिथे पोफळीच्या वाडीतून उतरत, ओढा ओलांडून, दगडी पायऱ्या चढत केशवराजाच्या देवळात जायचं. भर दुपारीही त्या वाडीत गारवा असतो आणि देवळाजवळ गोमुखातून थंडगार पाणी पडतं. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे, वरून समुद्र आणि खाली माडांची रांग दिसते. आणि एक संध्याकाळ हर्णै बंदरासाठी राखून ठेवा. होड्या आल्या की तिथे मासळीचा लिलाव होतो. मी गेले होते तेव्हा बैलगाड्या पार पाण्यात शिरून होड्यांवरची मासळी घेऊन येत होत्या, बैलांच्या पोटापर्यंत लाटा. वाळूवर पापलेट, कोळंबी, बांगड्यांचे वाटे लागलेले आणि त्याभोवती कोळणींचं कडं. लिलाव पुकारणारा इतक्या भरभर आकडे घ्यायचा की मला एकही कळला नाही. पण एका बाईने नुसती मान हलवली आणि ढीग तिचा झाला. तुम्ही कडेला उभं राहून बघा, वाटेत येऊ नका. ती माणसं पोटाच्या कामात असतात, फोटो काढायचा तर विचारून काढा.

हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा आधार. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात हाही आहे. बोटीने जायचं तर भाडं आधी ठरवा, जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याशिवाय बसू नका, आणि बोटीत माणसं जास्त वाटली तर उतरा. पैसे गेले तरी चालतील. बोट परवडत नसेल तर किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर चढा. तिथून सुवर्णदुर्ग पुरता नजरेत येतो.

आता समुद्राबद्दल. इथे मी ताई म्हणून नाही, घरातली मोठी बाई म्हणून बोलते, कारण तुमच्यातल्या चौघींना समुद्र ठाऊक नाही आणि नदी-विहिरीचा अंदाज तिथे चालत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगडमधल्या मुरुडला पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल गेली होती. त्यातले १४ विद्यार्थी बुडाले. तुमच्याच वयाची मुलं-मुली, भर दुपारी, सगळ्यांसोबत असताना. तो दिवस मला विसरता येत नाही. म्हणून हे वाचून सोडून देऊ नकोस, सहाही जणींना वाचून दाखव.

पोहोचल्या पोहोचल्या पाण्यात धावू नका. अर्धा तास वाळूवर बसा आणि नुसतं बघा. पाणी पुढे येतंय की मागे सरतंय, लाटा कुठे फुटतात, गावातली माणसं कुठे उतरतात आणि कुठे उतरत नाहीत. मग यजमानांना विचारा, "आज भरती किती वाजता?" कोकणातला जुना हिशेब असा आहे की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पुरी भरती, तिथून पाणी ओसरू लागतं आणि साधारण सहा तासांनी पुरी ओहोटी. दिनदर्शिकेत तिथी बघ आणि करून पाहा. तू विज्ञानाची, तुला मजा येईल. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पण पाण्यात उतरायचा निर्णय या गणितावर घ्यायचा नाही, तो गावकऱ्यांना विचारूनच.

ओहोटी लागली, म्हणजे भरती पुरी होऊन पाणी मागे सरू लागलं, की पाण्याबाहेर या. मागे जाणारं पाणी पायाखालची वाळू काढून नेतं आणि माणूस कळायच्या आत खोलात जातो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा भरती-ओहोटी दोन्ही जोरात. गुडघ्यापर्यंत पाणी, फार तर मांडीपर्यंत, त्यापुढे कुणीही जायचं नाही. पोहता येणारीनेही नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलीला समुद्राची ओढ नवी असते. पाण्यात असताना दोघी काठावर उभ्या, आणि त्यांनी फोनमध्ये न बघता मैत्रिणींकडेच बघायचं. अंधार पडल्यावर पाणी नाही. ओल्या खडकांवर चढून फोटो नाहीत. कुणी ओढली जाते आहे असं दिसलं तर साखळी करून पाठोपाठ आत जाऊ नका. एकाला वाचवायला गेलेली माणसंही अशीच जातात. आरडाओरडा करा, दोरी, काठी, रिकामा कॅन, हाताला येईल ते फेका, माणसं बोलवा. आणि जी ओढली गेली तिने किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, दमछाक होते. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकायचं.

खोली ठरवतानाचं थोडक्यात सांगते. नुसते फोटो बघून आगाऊ पैसे पाठवू नका, खोट्या नावाने पैसे घेणारे खूप झालेत. नकाशावर ते घर शोध, अलीकडच्या महिन्यांतले अभिप्राय वाच, मग व्हिडिओ कॉल करून खोली, न्हाणीघर, दाराची कडी आणि किनाऱ्याकडे जाणारी वाट दाखवायला सांग. खरा यजमान आनंदाने दाखवतो. आगाऊ रक्कम एका रात्रीच्या भाड्याच्या आत ठेव आणि ती मिळाल्याचा संदेश लिहून घे. घरी बाई माणूस असते का, हे विचारायला संकोच करू नकोस. शेवटच्या दिवशी खोली सकाळीच सोडावी लागते आणि गाडी दुपारची असते, तेव्हा सामान पडवीत ठेवू देतील का, तेही आधी विचार. ओळखपत्र प्रत्येकीचं हवं. यजमानांचं नाव, पत्ता, नंबर सहाही घरी आणि वसतिगृहाच्या रेक्टरबाईंकडे देऊन निघा. घरी खोटं सांगून समुद्रावर जाऊ नका.

पॅकेज शोधणाऱ्या मैत्रिणीला वाईट वाटू देऊ नकोस. तिने खटपट केली आहे. तिला हा हिशेब दाखव आणि फोन करायचं काम तिलाच दे, ती शोधाशोधीत हुशार दिसते. "अमकीला परवडत नाही म्हणून" असं कारण तिच्यापाशीही काढू नकोस. समुद्राजवळ राहायचं आहे, निम्म्यात होतंय, एवढं कारण पुरेसं आहे आणि ते खरंही आहे.

पण त्याही आधी एक काम. आज संध्याकाळी तुझी ती मैत्रीण दुकानातून सुटायच्या वेळी तिथे जा. ग्रुपवर काही लिहू नकोस. बरोबर चालत या, आणि हा २,५०० चा कागद तिला सगळ्यांच्या आधी दाखव. "तुझ्याकडे पैसे आहेत का" असं विचारू नकोस. विचार, "यातलं आणखी काय कमी करता येईल गं? आणि दुकानातून तुला कोणत्या दिवशी सुट्टी मिळेल?" तिला पैसे राखायची सवय आहे, ती कदाचित दोनशे रुपये आणखी काढून दाखवेल. तिने दिलेली तारीख धरा. खोलीचा फोन त्यानंतर करा.